चावा तेवढा वगळला

नोएडा, ९ फेब्रुवारी २००३

ताई,

तुझं कार्ड मिळालं. मी दिल्लीला आल्यापासून तू मला पाठवलेलं हे पहिलं कार्ड, आणि त्यात मायना नाही की खाली नाव नाही. "तालुक्याला नव्या साहेबांचा सत्कार होता. आम्हा अंगणवाडीच्या बायांना बोलावलं होतं. गौरव साहेबांनी त्यांच्या ताईची गोष्ट सांगितली. ती ताई मी आहे. चावा तेवढा वगळला. फोन करू नकोस, फोनवर तुझं बोलणं पाठ केल्यासारखं येतं. लिही."

लिहितो. पण काय लिहू? गौरव माझ्या क्लासचा मुलगा, हे खरं. करोल बागेत दोन वर्षं माझ्याकडे मुलाखतीच्या तयारीला होता. आता त्याने स्टेजवर काय सांगावं याला मी कसा जबाबदार? मराठवाड्यात घरटी एक ताई असते, जिने भावासाठी शाळा सोडली. स्वतःच्या दप्तरावरचं अक्षर उसवून तिथे भावाचं अक्षर भरणारी बहीण एकाच घरात जन्मली, असं काही नाही. योगायोग समज आणि सोडून दे.

चाव्याचं काय म्हणतेस ते मला कळलं नाही.

आमचं ठीक आहे. नव्या फ्लॅटला वर्ष झालं. सेक्टरच्या कडेला अजून मोहरीचं शेत आहे, त्याच्या पोटात आमची सोसायटी. फाटकाला राजवाड्यासारखे खांब, खांबांवर प्लास्टरची द्राक्षं, आणि भिंतीपलीकडे उघडा नाला. बिल्डरने माहितीपत्रकात नाल्याला 'हरित पट्टा' म्हटलंय. सकाळी खिडकी उघडली की मी ती लगेच परत लावून घेतो. क्षिप्रा म्हणते, सवय होईल. तिचे वडील केंद्र सरकारात होते, सगळं बालपण सरकारी क्वार्टरमध्ये गेलं, तिला कशाचीही सवय होते. तेजश्री चौथीत आहे. आत्याला नमस्कार सांग म्हणाली, हिंदीत.

अंबादास


नोएडा, २ मार्च २००३

ताई,

पकडलंस. "दप्तराचं मी लिहिलंच नव्हतं," एवढीच ओळ पाठवलीस. चार दिवस कार्ड खिशात घेऊन हिंडलो. हजारो पोरांना उलटतपासणीला तोंड द्यायला शिकवणारा मी, आणि सातवी शिकलेल्या बहिणीपुढे पहिल्याच उत्तरात घसरलो.

ती गोष्ट मी दिली. गौरवला बहीणच नाही. नाशिकच्या डॉक्टरांचा एकुलता एक मुलगा, एसीच्या खोलीत वाढलेला, स्वभावाने बरा, आणि आतून कोरा. आमच्या कलेक्टरकीच्या परीक्षेच्या शेवटच्या टप्प्याला मुलाखत म्हणतात, पण सरकारी नाव आहे व्यक्तिमत्त्व चाचणी. म्हणजे बोर्डाची पाच माणसं अर्धा तास तुझ्याकडे बघणार आणि तू कोण आहेस ते ठरवणार. आता ज्याने आयुष्यभर गाईड वाचण्यापलीकडे काही केलं नाही, त्याने कोण असावं? मग तो माझ्याकडे येतो. मी त्याला कोणीतरी करतो. छंदाच्या रकान्यात पक्षी निरीक्षण घालतो, लहानपणात दुष्काळ घालतो, एखादी आजी मारतो. ज्याचं लहानपण गुळगुळीत, त्याला मी तुला देतो.

देत आलोय, ताई. गौरव पहिला नाही. प्रत्येकाला गाव बदलून देतो, अक्षर बदलून देतो. तुझं 'द्वा' उसवून माझं 'अं' भरलं होतं, त्याचं त्यांच्या नावाप्रमाणे 'सु' उसवून 'गौ' होतं. आवंढा कुठे गिळायचा ते मी सांगतो. 'ताई' म्हटल्यावर लगेच नाही, 'सुई' म्हटल्यावर. बघायचं टेबलाच्या कडेकडे. पूर्ण बाहीचा शर्ट, मनगटाचं बटण लावलेलं. नॅप्थलीनचा वास मारणारे उसने कोट घालून ही पोरं ओळीने माझ्यासमोर बसतात आणि एकेक जण तुझ्यासाठी डोळे भरून आणतो. मी घड्याळ बघतो आणि म्हणतो, "बेटा, जरा लवकर आलं. फिर से."

तुला किळस आली असेल. मला तेव्हा आली नाही, हे लिहायला पाहिजे. आता येते. तुझं कार्ड आल्यापासून तोंडाला अशी चव आहे, जशी पितळेच्या पेल्यात दही राहून गेल्यावर येते.

सगळ्यात वाईट ते ऐक. ही गोष्ट मी सगळ्यात आधी स्वतःसाठी वापरली होती. एक्याण्णव साली, माझ्या शेवटच्या मुलाखतीत. त्यानंतर वयाची अट संपली. मी मनापासून सांगितली, आवंढा आपोआप आला. मधल्या गृहस्थांनी चष्मा काढला आणि इंग्रजीत म्हणाले, हे आम्ही बऱ्याचदा ऐकतो. माझी खरी बहीण माझ्या तोंडी खोटी वाटली. दहा वर्षांनी गौरवच्या तोंडी तीच खरी वाटली आणि तो निवडला गेला. मग ती कुणाची बहीण, सांग.

आणि चावा मला आठवला. आई सुई घेऊन बसली होती आणि तू तिच्या हाताला चावलीस. ते मी गाळलं. बोर्डाला चावणारी बहीण चालत नाही.

अंबादास


नोएडा, ३० मार्च २००३

ताई,

"आईला नाही." तुझ्या कार्डात दोनच शब्द, आणि खाली बातमी, की गौरवने 'ताईचं दप्तर' नावाचा उपक्रम काढलाय. जूनमध्ये शाळा उघडतील त्या दिवशी मुलींना दप्तरं वाटायची, आणि पहिलं दप्तर स्टेजवर द्यायला गावातली एक थोरली बहीण हवी म्हणून साहेबांनी नेमकी तुझी निवड केली. तू हो म्हणालीस की नाही ते लिहिलं नाहीस.

आईला नाही, तर कुणाला? दोन आठवडे मी आठवून बघतोय. ताई, तुला हे विचित्र वाटेल, पण मी आठवायला डोळे मिटले की आपलं घर दिसत नाही. मला माझा क्लास दिसतो. ट्यूबलाइट, पांढरा फळा, आणि समोर कुणीतरी पोरगा, जो आपलं घर सांगतोय. चुलीजवळ आई, दारात तात्या, आणि मध्ये तू सुई घेऊन. तू हसतेससुद्धा. ते हसू मी नव्व्याण्णवमध्ये घातलं, एका लातूरच्या पोराच्या तोंडी गोष्ट फार रडवी वाटत होती म्हणून. आता ते निघत नाही.

आज रविवार. मी बाल्कनीत बनियनवर बसलो होतो. तेजश्री आली आणि विचारलं, "बाबा, आत्याने तुम्हाला काय लिहिलं?" मी तिला तुझी गोष्ट सांगायला लागलो, मुद्दाम नाही, सवयीने. दप्तर उसवलं इथपर्यंत आलो.

"उसवलं मतलब?"

"टाके काढले. शिवलेलं असतं ना, ते सुईने काढून टाकायचं."

"फिर कपड़ा तो रहेगा ना?"

"कपडा राहतो. पिशवी राहत नाही."

तिला ते पटलं. मग तिने माझा उजवा हात धरला आणि मनगटावरच्या व्रणावर बोट ठेवलं. "ये भी उसवलं है?"

तुला माहीत आहे तो व्रण. की नाही? मी सगळ्यांना सांगत आलोय, लहानपणी जनावरांसाठी चारा कापताना विळा लागला. आतापर्यंत भरलेल्या प्रत्येक फॉर्मवर ओळखचिन्हाच्या रकान्यात तेच लिहिलंय, उजव्या मनगटावर कापल्याचा व्रण. परीक्षेचे सगळे अर्ज, लग्नाच्या वेळचा बायोडेटा, रेशनकार्ड, पासपोर्ट. क्षिप्राला हाक मारून विचारलं, हा व्रण कशाचा? ती कणीक मळत होती. म्हणाली, "विळ्याचा. लग्नाआधी तूच सांगितलंस की. आमच्या बाबांना ते फार आवडलं होतं, मुलगा कष्टाचा आहे म्हणाले."

तेजश्री मात्र निरखून बघत होती. "ये कट नहीं है," ती म्हणाली. "कट तो लाईन होता है. ये तो राउंड है, दोन राउंड." आणि ताई, पोरीने काय करावं? तिने माझं मनगट उचलून तोंडाशी नेलं आणि आपले दात त्या खुणांवर ठेवले. अगदी हलके, मापाला ठेवतात तसे. वरचे वर, खालचे खाली. ते बसले.

"बाबा, ये तो दाँत हैं यार," ती हसत सुटली.

मी आत जाऊन ओकलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, माझ्या तर मनगटावरच होता.

मला चावलीस का गं तू? का?

अंबा


नोएडा, १८ मे २००३

ताई,

तू उत्तर दिलं नाहीस. बरोबर आहे, मला माहीत असलेलं तू कशाला सांगशील.

गौरव गेल्या आठवड्यात दिल्लीला आला होता. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी अतिथिगृहात उतरला होता, तिथे मला जेवायला बोलावलं. वाकून पाया पडला. मी म्हटलं, तो जूनचा कार्यक्रम रद्द कर, दप्तरं वाटायची तर मुकाट वाट, पण ती गोष्ट आता सांगू नकोस. ती ज्या बाईची आहे ती तुझ्या समोर बसते.

त्याला धक्का बसला. खरंच बसला, मी तज्ज्ञ आहे त्यातला. घास ताटात ठेवून म्हणाला, "सर, बोर्डासमोर मी ती पाठ करून सांगितली, मान्य आहे. पण नंतर... सर, बिल्कुल खरं सांगतो, ती आता मला आठवते. मला टाके तुटतानाचा आवाज येतो. जिल्ह्यात मुलींच्या शाळेत गेलो की मला ताई आठवते. तिच्यामुळेच मी काम करतो. तुम्ही म्हणता ती माझी नाही, मग माझ्याकडे काय राहतं?"

आणि तो रडला. टेबलाच्या कडेकडे बघत नाही, सरळ माझ्याकडे बघत, नाक गळत. मी त्याला शिकवलेलं काहीही त्यात नव्हतं. त्या खऱ्या रडण्याचा मला जेवढा तिटकारा आला तेवढा इतक्या वर्षांतल्या खोट्याचा कधी आला नव्हता. समोरच्या वरणावर साय धरली होती. मी ताट सारलं आणि उठलो.

परतीच्या चार्टर्ड बसमध्ये यमुना ओलांडताना सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले, मी लावला नाही. विचार करत होतो. माणूस म्हणजे त्याच्या आठवणी, असं मी क्लासमध्ये तत्त्वज्ञानाचा विषय घेतलेल्या पोरांना झाडून सांगतो. मग त्या हिशेबाने गौरव तुझा भाऊ आहे. त्याला तू आठवतेस, तो तुझ्यासाठी रडतो, तुझ्या नावाने चार चांगली कामं करतो. मला काय आठवतं? मला माझी शिकवणी आठवते. मी कोण म्हणून आत डोकावतो, तर आत पाच माणसं टेबलाशी बसलेली आहेत, पाण्याचे ग्लास झाकून ठेवलेत, आणि मधला म्हणतो, स्वतःबद्दल काही सांगा. समोरची खुर्ची रिकामी आहे, ताई. उत्तर द्यायला कुणी आलेलंच नाही.

आता इथल्या एका कंपनीने मला बोलावलंय, विक्रीच्या पोरांना व्यक्तिमत्त्व विकास शिकवायला. त्यांच्या काचेच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर लिहिलंय, स्वतःसारखे व्हा. मला त्या पाटीवर थुंकावंसं वाटलं. कसं व्हायचं, कुणासारखं, ते शिकवायला मलाच बोलावलंय.

एक गोष्ट मात्र मला बसमध्ये आठवली. जेवताना गौरवने बाह्या दुमडल्या होत्या. त्याचं मनगट गोरं आणि साफ आहे. त्यावर काही नाही.

म्हणून आता लिहितो. हे मला आठवलं की मी दोन महिने बसून जुळवलं, ते मला ठामपणे सांगता येणार नाही. माझ्या आठवणीवर माझाच भरवसा उरलेला नाही. चुकलं तर तू खोड.

तू आठवीत जाणार होतीस, मी पाचवीत. तात्या आपल्या दोघांनाही पाठवणार होते, कुरकुरत का होईना. तुझं दप्तर आईच्या हिरव्या लुगड्याचं होतं, त्यावर तू स्वतः लाल दोऱ्याने 'द्वा' भरलं होतंस. माझ्यासाठी खताच्या पोत्याची पिशवी शिवली होती. मला ती नको होती. पोरं हसतील म्हणून मी आडवा पडलो, जेवलो नाही, म्हणालो, ते दप्तर मिळालं तरच शाळेत जातो, नाहीतर नाही. तात्या बघत राहिले आणि म्हणाले, "दे त्याला. तुझं झालं तेवढं बास." एवढंच. त्यांना कारण हवं होतं, ते मी दिलं. दप्तराचं म्हणता म्हणता तुझी शाळा गेली आणि ते सगळ्यांना कळलं. मलाही कळलं. मी तेव्हाही हात पुढे करून दप्तर ओढलं.

आणि तू चावलीस. तात्यांनी तुला वहाणेने मारलं तरी तू सोडलं नाहीस. अक्षर आईने उसवलं, तू सुईला हातही लावला नाहीस.

तू काही सोडलं नव्हतंस. तुझ्याकडून घेतलं. मी घेतलं. आणि गेली बारा वर्षं जगाला सांगत सुटलो, की तू हसत दिलंस.

अंबा


नोएडा, ८ जून २००३

ताई,

पाकीट आलं. पहिल्यांदा कार्ड नाही, पाकीट. आत माझंच पत्र परत पाठवलंस, लाल पेनाने तपासून. अंगणवाडीची सवय! मी तीनदा वाचलं. खोडलंस फक्त एका ठिकाणी. 'वहाणेने' खोडून 'हाताने' केलंस. बाकी सगळ्याला बरोबरची खूण. आणि शेवटी समासात लिहिलंस, "विळा तर तू जन्मात हातात धरला नाहीस. मला दरवेळी हसू यायचं."

दरवेळी म्हणजे? म्हणजे तुला ठाऊक होतं, मी विळ्याची थाप मारतो ते. माझ्या लग्नात मांडवात व्याह्यांनी कौतुक केलं तेव्हा तू मागे बायकांत बसली होतीस. ऐकलंस आणि गप्प राहिलीस. आपलेच दात आणि आपलेच ओठ, काय बोलणार. मला वाटलं होतं की माझी लाज माझ्या एकट्याच्या डोक्यात बंद आहे. ती तुझ्याकडे होती. मी कोण ते तुला आधीपासून माहीत होतं, आणि तरी दिवाळीला तू फोन उचलायचीस.

बोर्डाने मला ओळखलं नाही, हे दुःख मी बारा वर्षं कुरवाळत बसलो होतो. एवढा मोठा मूर्ख मी दिल्लीत दुसरा पाहिला नाही, आणि इथे काही कमी नाहीत.

परवा त्या कंपनीत ओळखपत्राचा फॉर्म भरायचा होता. ओळखचिन्हाचा रकाना आला. मी लिहिलं, उजव्या मनगटावर बहिणीच्या दातांची खूण. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, ये क्या लिखा है? सिर्फ कट मार्क लिखिए ना, सब यही लिखते हैं."

मी म्हणालो, "सब का कट होगा. मेरा नहीं है."

"कंप्यूटर नहीं लेगा, सर."

मी फॉर्म परत घेतला. तिने दुसरा पुढे सरकवला तोही घेतला नाही. त्या नोकरीत मी जाणार नाही. क्षिप्रा काल म्हणाली, निदान माझ्या आई-बाबांना विळ्याचं काही सांगू नकोस. मी म्हटलं, सांगणार आहे. करोल बागेतल्या पोरांना सांगून झालंय. तुझी गोष्ट त्यांच्या वह्यांतून काढून घेतली. एकाने विचारलं, "सर, मग आम्ही काय सांगायचं?" मी म्हणालो, तुम्ही कुणाचं काय घेतलंय ते. वर्ग अर्धा रिकामा झाला. उरलेले खाली बघत बसले, त्यांचं काहीतरी होईल.

आता सोमवारचं. सोळा तारखेला शाळा उघडणार, स्टेज, माइक, गौरव, हिरवी दप्तरं. मी त्याला कळवलंय की मी येतोय. म्हणाला, "सर, मी काही सांगणार नाही, तुम्हीच बोला." त्या पत्रानंतर टाकलेल्या कार्डात मी तुला विचारलं होतं, की स्टेजवर उभा राहून मी सगळं खरं सांगू का. त्याचं तुझं उत्तर पाकिटाच्या मागच्या बाजूला सापडलं, गोंद लावतात तिथे: "आता गोष्ट नको. तुझ्या गोष्टींचा वीट आलाय. हात घेऊन ये."

माझं रिझर्व्हेशन झालंय. तेजश्रीला घेऊन येतोय, तिला तुझे दात बघायचे आहेत. स्टेजवर चढणार नाही, माइक हातात घेणार नाही. पोरी ओळीने येतील तेव्हा तुला एकेक दप्तर काढून देईन, तू त्यांना दे.

कपाट उघडून बघितलं, सगळे शर्ट पूर्ण बाहीचे. बाजारातून एक अर्ध्या बाहीचा आणला.

तुझा,
अंबा